रावेरच्या केळी-पुरवठ्याचा करारनामा गूगल डॉक्समधून, डाउनलोड न करता, थेट ईमेल करता येतो का?

होय, संगणकावरील ब्राउझरमध्ये करारनामा उघडा असतानाच ‘फाइल’ मेनूतील ‘ईमेल’ आणि त्यातील ‘ही फाइल ईमेल करा’ हा पर्याय निवडून, व्यापाऱ्याचा पत्ता लिहून, तो पीडीएफ किंवा वर्ड स्वरूपात थेट पाठवता येतो. फाइलचे रूपांतर गूगलच्याच सर्व्हरवर होत असल्याने ती आधी उतरवून पुन्हा चढवावी लागत नाही. रावेर-यावलकडे नेटवर्क मंद असताना (आणि ते आपल्याकडे नवलाचे नाही) हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र जोडून पाठवलेली प्रत त्या क्षणाचीच असते, म्हणजे नंतर तुम्ही क्विंटलचा दर बदललात तरी व्यापाऱ्याकडे जुनाच दर राहतो. त्यामुळे बोलणी चालू असेपर्यंत केवळ वाचनाची परवानगी असलेली लिंक पाठवावी.