दम्यात मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असताना रोजचा पंप कशाला?

नाशिकच्या थंडीत पहाटे गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) गेलं की आईची छाती वाजते, गोळी चालू आहे, मग पंप बंद करू का, असं विचारलंत. स्वतःहून नको.

दम्यात श्वासनलिकेला आतून सूज असते. तिथल्या मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या ॲलर्जीत खवळणाऱ्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं सोडतात. हिस्टामिनचा जोर लवकर ओसरतो (म्हणूनच हिस्टामिन अडवणारी सर्दीची सेट्रिझिन दम्याला पुरत नाही). ल्युकोट्राइन मात्र नळी बराच वेळ आवळून धरतं, चिकट कफही वाढवतं. मॉन्टेलुकास्ट अडवतं ते फक्त याला. सूज वाढवणारी इंटरल्युकिन ४, ५, १३ ही रसायनं मोकळीच!

रोजच्या पंपातलं ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड पेशीतल्या जनुकांवर काम करून यातल्या बहुतेकांची पैदासच कमी करतं. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, तेव्हा नावाला घाबरू नका. ओढल्यावर खळखळून चूळ मात्र भरायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते. निळा सॅल्ब्युटामॉलचा पंप वेगळा. तो नळी तेवढ्यापुरती उघडतो, सूज तशीच.

आणि गोळी सुरू झाल्यापासून आई चिडचिडी झाली असेल, वाईट स्वप्नं पडत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये याबद्दल ठळक इशारा दिलाय.