अवघड पीस घेतला तर प्रवेश सोपा होतो का?

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. पियानोची आठव्या ग्रेडची परीक्षा झाली आहे, पुढच्या वर्षी संगीताच्या पदवीसाठी ऑडिशन द्यायची आहे. मला संगीतकार फ्रान्झ लिस्टचं 'ला कांपानेला' वाजवायचं आहे, कारण अवघड पीसच्या प्रत्येक यादीत ते वर असतं. माझ्या बाई मात्र बाखचा सी मायनर प्रिल्यूड-फ्यूग आणि मोझार्टची के. ३३२ सोनाटा घ्यायला सांगतात. ते फारच सोपं वाटणार नाही का? माझा हात लहान आहे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक सप्तक जेमतेम पोचतं.

उत्तर : नाही वाटणार. तुझ्या बाईंची निवड मला मनापासून पटली, आणि का पटली ते सांगतो.

या याद्यांमध्ये बहुतेक वेळा वेग, उड्या आणि स्वरांची गर्दी मोजली जाते. बाखचं १७२२ सालचं 'वेल-टेम्पर्ड क्लॅविअर' उघड, म्हणजे तुझा प्रिल्यूड-फ्यूग ज्यात आहे तो संग्रह. पहिला सी मेजर प्रिल्यूड दोन-तीन वर्षं शिकलेली मुलंही वाजवतात. लगेच पुढचा फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकापाठोपाठ येऊन गुंफली जाते ती रचना) चार आवाजांचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार स्वतंत्र सुरावटींचा आहे आणि तिथे भलेभले अडखळतात. तुझ्या सी मायनर फ्यूगमध्ये आवाज तीनच, पण मधला आवाज कधी डाव्या हाताकडे, कधी उजव्या हाताकडे जातो. तो हात बदलताना तुटला नाही पाहिजे. बोटांपेक्षा कानाचं काम जास्त, आणि परीक्षकांना तेच ऐकायचं असतं.

मोझार्टमध्ये लपायला जागाच नसते. के. ३३२ची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, गाणाऱ्या सुरावटीनं सुरू होते, थोड्याच वेळात शिकारीच्या शिंगांसारखी उसळते आणि मग एकदम डी मायनरच्या वादळात शिरते. पेडल जरा जास्त पडलं की सगळं चिखल. पियानोवादक आर्टुर श्नाबेल म्हणायचे की मोझार्टच्या सोनाटा मुलांना फार सोप्या आणि कलावंतांना फार अवघड असतात. तू आता नेमकी त्या दोन टप्प्यांच्या मधे उभी आहेस.

'ला कांपानेला' खरंच अवघड आहे, त्यात वाद नाही. आज वाजवलं जातं ते १८५१ सालचं रूप, तेही लिस्टनं आपल्याच १८३८च्या रूपापेक्षा बरंच सुटसुटीत केलेलं. पण आजच्या पियानोवर एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं असतं. ज्या हाताला ते सहज झाकता येतं त्याला या पीसमध्ये लांब उड्यांचीच काळजी. तुझा हात मात्र प्रत्येक सप्तकाला ताणलेला राहणार आणि शेवटच्या पानांपर्यंत मनगट भरून येणार. उलट शोपाँच्या ओपस १० मधल्या दुसऱ्या एट्यूडमध्ये (एट्यूड म्हणजे तंत्राच्या सरावासाठीची रचना) उजव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनाच सलग क्रोमॅटिक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून ओळीनं, धावायचं असतं. तिथे हाताच्या लांबीपेक्षा कमकुवत बोटांचा कस लागतो. म्हणून 'यापेक्षा ते अवघड' याचं उत्तर हातागणिक बदलतं. हात दुखत असताना रेटू नकोस. शुमानला उजव्या हाताच्या दुखण्यामुळे वादनाची कारकीर्द सोडावी लागली होती.

ऑडिशनमध्ये सहसा बाख, एक क्लासिकल सोनाटा, एक एट्यूड आणि एखादी रोमँटिक किंवा विसाव्या शतकातली रचना मागतात. नेमकी यादी प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात पाहा. झगमगाट दाखवायची हौस एट्यूडमध्ये भागव, पण जो पीस थंड हातांनी, परक्या पियानोवर, पहिल्याच प्रयत्नात नीट वाजतो तोच घे. ऑडिशनच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा पूर्ण कार्यक्रम न थांबता रेकॉर्ड कर.

आणि साइट रीडिंग, म्हणजे न पाहिलेली नोटेशन बघताक्षणी वाजवणं, रोज. पियानो वाजवून पोट भरणाऱ्या पुष्कळ जणांची कमाई शिकवण्यातून आणि गायक-वादकांना साथ करण्यातून होते. शूबर्टच्या 'एर्लकोनिग' या गाण्याची साथ बघ : उजव्या हातानं तेच सप्तक वेगानं, जवळजवळ न थांबता. सोलो पीसच्या यादीत अशी साथ सहसा नसते. तुझ्या हाताला ते आत्ता नको, पण शूबर्टची एखादी संथ रचना गाणाऱ्या मैत्रिणीबरोबर या महिन्यातच वाजवायला घे.