जुलैत बाळ येणार असेल तर यादीतलं काय ठेवायचं

बाळासाठी आणायच्या वस्तूंची तुमची यादी दोनदा वाचली. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली, घर मालवण तालुक्यात गावात, मिस्टर मुंबईला, घरी तुम्ही आणि सासूबाई. एकेचाळीस वस्तू आणि बेरीज छत्तीस हजार. खाली तुम्ही विचारलंय, "यातलं काय काढू? ऐनवेळी एखादी गोष्ट घरात नसली तर काय करू?" ही भीती मला चांगली माहीत आहे. मी देवगड तालुक्यात राहते, मला दोन मुलं. लेक डिसेंबरातली, मुलगा जुलैतला. दोघांच्या वेळी घर तेच होतं, तरी लागलेल्या वस्तू वेगळ्या होत्या. या तयार याद्या कुणासाठीही केलेल्या असतात, त्यात महिना नसतो. आपल्याकडे मात्र सगळं महिन्यावर ठरतं.

म्हणून प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारा. रात्रीचे दोन वाजलेत, बाहेर धो धो पाऊस आहे, लाईट गेली आहे आणि ओढ्याला पाणी आल्यामुळे तालुक्याला जाता येत नाही. अशा वेळी ही वस्तू लागेल का? लागणार असेल तर आत्ताच आणा. सकाळपर्यंत थांबता येत असेल तर ती बाळ आल्यावर, गरज दिसल्यावर घ्या. शिवाय काही वस्तू अशा असतात की त्या घरात असल्या की वापरल्या जातातच, आणि त्यांनी नुकसान होतं. त्या घरात येऊच देऊ नका. तुमच्या यादीतला बाटल्यांचा सेट या तिसऱ्या प्रकारात येतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

लेकीच्या वेळी मीही तसाच सेट घेतला होता. चार बाटल्या, ब्रश, स्टरिलायझर, दूध कोमट करायचं यंत्र. दवाखान्यातून घरी आले त्या तिसऱ्या रात्री ती दोन तास रडत होती. माझी छाती दगडासारखी झाली होती, तिला नीट धरता येत नव्हतं. आई म्हणाली, दूध पुरत नसेल. फळीवर खोका होताच. भाऊ पाणी उकळून घेऊन आला, दूधपावडरचा डबा कुणीतरी आधीच आणून ठेवला होता. तिनं बाटली घेतली आणि झोपली. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. दुसऱ्या दिवसापासून ती छातीला लावली की तोंड फिरवायला लागली. आठवड्याभरात दिवसाला पाच बाटल्या झाल्या आणि माझं दूध कमी कमी होत गेलं.

चौदाव्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, आल्या. बाळाचं वजन करून झालं, तरी त्या उठल्या नाहीत. माझ्या शेजारी खाटेवर बसल्या, बाळाचं पोट माझ्या पोटाला लागेल असं तिला वळवलं, आणि म्हणाल्या, "छाती बाळाकडे नेऊ नका, बाळाला छातीकडे आणा. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा." बाळाचा खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी टेकली, आणि गिळल्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. त्यानंतर बाटली पूर्ण बंद व्हायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत. त्या रात्री घरात बाटली नसती, तर आईनं आणि मी दूध थोडं पिळून वाटी-चमच्यानं पाजलं असतं आणि सकाळी कुणाला तरी विचारलं असतं.

हे आधीच माहीत असू दे: पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. तो थोडाच असतो आणि बाळाला तेवढाच पुरतो. दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिले सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, आपल्या मे महिन्याच्या उकाड्यातही नाही. दूधपावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक केला. यामागे कारण आहे. डॉक्टरांनी काही कारणानं वरचं दूध सांगितलंच तर ते जरूर द्या, त्यात कमीपणा नाही. मात्र ते उकळून घेतलेल्या वाटी-चमच्यानं द्या. बाटल्या गेल्या की स्टरिलायझर आणि गरम करायचं यंत्रही यादीतून जातं. तसंही लाईट नसताना त्यांचा काय उपयोग? दूध काढायचा पंप आत्ता नको. तुमची रजा २६ आठवड्यांची आहे, कामावर जायची वेळ जवळ आली की मग बघा.

आता पावसाचं. यादीत तुम्ही लंगोट फक्त बारा लिहिलेत आणि नवजात मापाचे डायपर पाच पाकिटं. हे उलट करा. मुलाच्या वेळी माझ्याकडे पंधरा लंगोट होते आणि मला वाटत होतं, भरपूर झाले. सलग चार दिवस ऊन नाही, पडवीत दोरीवर लंगोट ओळीनं टांगलेले, आणि हात लावला की कापड गार, कुबट. वाळले असं समजून तेच बांधले. तिसऱ्या दिवशी त्याच्या जांघा लालभडक झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "बाय गो, पोराक काय व्हया? सुकी फडकी नि आवशीचा दूध." ते कोरडं फडकंच जुलैत सगळ्यात महाग असतं.

तीस तरी लंगोट ठेवा. ते विकत घ्यायला नकोत. जुन्या सुती साड्या आणि सासऱ्यांची धोतरं काढा, दहा वेळा धुतलेलं कापड नव्या कापडापेक्षा मऊ असतं आणि लवकर वाळतं. लाईट असेल तेव्हा पंख्याखाली वाळवा आणि वापरण्याआधी गरम इस्त्री फिरवा, उरलेला ओलावा त्यानं जातो. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर कपडे वाळवायची जुनी रीत तुमच्याकडेही असेल. करायची तर ती मागच्या पडवीत. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत धूर नको, शेक-धुरीच्या नावानंही नको. डायपर रात्रीपुरते ठेवा, लहान मापाचं एकच पाकीट आणा. महिन्याभरात ते माप आखूड होतं आणि उरलेली पाकिटं दमट होऊन पडतात.

दमटपणामुळेच कापसानं भरलेल्या सगळ्या गोष्टी काढा: जाड गादीचा सेट, भोवती लावायच्या उशा, मोठी टेडी अस्वलं. ऑगस्टमध्ये कपाट उघडाल तर त्यांवर बुरशीचे ठिपके दिसतील. शिवाय बाळाच्या झोपण्याच्या जागेत उशी, मऊ गादी, लोड असलं काही असूच नये, श्वास अडकू शकतो. बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवा. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी करायची पद्धत आहे, तीही नको. त्यापेक्षा जागं असताना, तुम्ही समोर बसून, रोज थोडा वेळ पालथं ठेवा. मच्छरदाणी मात्र हवीच. माजघरातला जुना लाकडी पाळणा काढणार असाल तर दोन गजांमधलं अंतर मोजा, सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर ते खरवडून नीट साफ होईपर्यंत त्यात बाळ ठेवू नका. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, तेव्हा झोळी जवळ कुणी बसलेलं असेल तरच.

साडेअकरा हजारांची प्रॅम. तुमच्या घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी आहे, असं तुम्हीच लिहिलंय. जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्या, त्यांवर शेवाळ, त्यावरून प्रॅम कोण नेणार? आमच्या शेजारच्यांची प्रॅम खाऱ्या वाऱ्यानं दोन पावसाळ्यांत गंजली. कडेवर घ्या, ओढणीनं बांधा, पण नाक-तोंड उघडं दिसत राहील असं.

आणि वॉकर. तुमच्या नणंदेनं तो द्यायचं कबूल केलंय, तर तिला आत्ताच प्रेमानं नको म्हणा. बसायचा चाकांचा वॉकर बाळाला चालायला शिकवत नाही, उलट पुष्कळ मुलं त्यानं उशिरा चालतात. आपल्या घरांना ओटी, उंबरठे, खळ्यात उतरायच्या पायऱ्या. वॉकरमधलं बाळ क्षणात कडेला पोचतं, तुम्ही हात पुढे करेपर्यंत ते खाली. कॅनडानं २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली. नणंदेला काही द्यायचंच असेल तर सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा सांगा. तो बाळ स्वतः उभं राहायला लागल्यावर धरून ढकलतं, त्यात अडकून बसत नाही. तोही पुढच्या वर्षी, आणि सपाट जागेतच.

पावडर, काजळ, ग्राइप वॉटर काढा. पावडरचे बारीक कण बाळाच्या छातीत जातात आणि दमट हवेत घड्यांमध्ये तिचा चिखल होतो. काजळात शिसं असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंना तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावू दे, डोळ्यांत आणि तोंड पोचेल तिथे नको. बाळगुटीही नको, त्यावरून घरात वाद होतील, त्याची तयारी ठेवा. मी सासूबाईंना दवाखान्यात बरोबर नेलं आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं, माझ्या तोंडून ऐकलं असतं तर त्यांना उलट उत्तर वाटलं असतं. मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटानंसुद्धा चाटवू नका. मालिशला घरचं खोबरेल पुष्कळ आहे, फक्त नाकाकानात तेल सोडू नका, आणि नाळेला काहीच लावू नका, ती कोरडी राहू दे.

वजनकाटा नको. आशाताई जन्मानंतरच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, काटा त्यांच्याकडे असतो. बाथटब नको, पाटावर बसून पायांवर न्हाऊ घालणारी माणसं अजून आपल्याकडे आहेत. पाणी कोपरानं बघायचं, त्याला वेगळा थर्मामीटर नको. बेबी मॉनिटर, बूट, वाइप्स गरम करायचा डबा हे तुम्हीही मनातून काढलेलंच असणार.

तुम्ही काढायला निघालात आणि मी ठेवा म्हणते अशी एक महाग वस्तू आहे, कार सीट. तुमच्या मिस्टरांना वाटतं, मांडीवर घेता येईल. धडक बसली तर मांडीवरचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही. गणपतीनंतर तुम्ही गाडीनं मुंबईला जाणार आहात. तेव्हा मागच्या सीटवर, बाळाचं तोंड मागे येईल अशी ती बसवा. ती कुणाची वापरलेली घ्यायची झाली तर अपघातात सापडलेली नाही याची खात्री करा. प्रॅमचे पैसे इकडे वळवा.

त्या पावसाच्या रात्रीसाठी मात्र आत्ताच आणून ठेवा: चांगला डिजिटल थर्मामीटर, चार्ज केलेली बॅटरी, मच्छरदाणी, छोटी नखकात्री, तुमच्यासाठी भरपूर पॅड, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर औषध घरी द्यायचं नाही, लगेच निघायचं. म्हणून १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर आणि गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलची रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही सासूबाईंना दाखवा.

कपडे जवळजवळ घेऊच नका. सहा जुनी झबली आणि दोन टोपडी भावकीतून मागून आणा. बारशाला आणि मग गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा नव्या कपड्यांचा ढीग होईल. विचारतील त्या प्रत्येकाला सांगा, सहा महिन्यांच्या पुढच्या मापाचं आणा.

आणि यादीत जे नाही ते मी घालते: कामाला बाई. भांडी, धुणं, बाळंतिणीचं जेवण. पहिले दोन महिने एक बाई आली तर तुम्ही झोपाल आणि सासूबाईंची कंबर राहील. आमच्याकडच्या हिशोबानं तिचे दोन महिन्यांचे पैसे त्या प्रॅमच्या किमतीत बसतात. फक्त जुलैत लावणी असते, तेव्हा शेतावरून कुणी मोकळं मिळत नाही. या आठवड्यातच वाडीत जाऊन कुणाशी तरी बोलून ठेवा, आणि थोडे पैसे आधी द्या.