पहिले सत्र म्हणजे सहामाही नव्हे

बारावीला उत्तम गुण मिळवणारे मूल पदवीच्या पहिल्याच सत्रात दोन-तीन विषयांत कसे राहिले, हा प्रश्न घेऊन दर वर्षी निकालानंतर अनेक पालक माझ्या ठाण्यातील मार्गदर्शन केंद्रावर येतात. कळव्याच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते.

"मॅडम, मोबाईलपायी याचे वर्ष वाया गेले," असे वडिलांनी आल्या आल्या सांगितले. मुलगा मान खाली घालून बसला होता. चुकीला शिक्षा सुचवण्याआधी ती कोणत्या समजुतीतून घडली हे शोधावे, असे मी मानते. मोबाईल, मित्र, रोजचा लोकलचा प्रवास यांवर बरेच बोलूनही काही हाती लागत नव्हते, तेव्हा मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, "तुझा अभ्यास कुठे अर्धा होतो, दाखव."

त्याने दिवाळीवर बोट ठेवले. "इथे. दिवाळीच्या आसपासची परीक्षा म्हणजे सहामाहीच ना? राहिलेले वार्षिकला भरून काढणार होतो."

वडील त्याच्याकडे पाहतच राहिले. इतकी बैठकीची मेहनत त्या एका बोटाने सार्थकी लावली, असे मला वाटले. मुलगा आळशी नव्हता. शाळेने वर्षानुवर्षे शिकवलेले वेळापत्रक तो प्रामाणिकपणे पाळत होता.

पदवीला मात्र सत्र हेच स्वतंत्र एकक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अपेक्षेप्रमाणे एका सत्रात अध्यापनाचे किमान ९० दिवस, म्हणजे साधारण १५ आठवडे असतात. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी, म्हणजे क्रेडिटसाठी, १५ तास धरले जातात; म्हणून चार श्रेयांकांच्या विषयाला आठवड्याला चार तास मिळतात आणि परीक्षेबरोबर तो विषय संपतो. त्याचे गुण पुढच्या सत्रात भरून निघत नाहीत. प्रवेश लांबले, की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची सुरुवातही उशिरा होते, हे पालकांच्या फारसे लक्षात येत नाही.

वर्ष वाया गेले, हीही समजूतच होती. ठरावीक मर्यादेपर्यंत राहिलेले विषय एटीकेटी या सवलतीने पुन्हा देता येतात आणि पुढचे सत्र चालू राहते; ती मर्यादा महाविद्यालयाच्या कार्यालयातून विचारून घ्यावी. मुलाने दुसऱ्या सत्राचे आठवडे त्याच दिनदर्शिकेवर स्वतः मोजले, अंतर्गत परीक्षांच्या तारखांना लाल खुणा केल्या आणि पाचव्या आठवड्यावर लिहिले, "एक तृतीयांश सत्र संपले." पुढे त्याचे राहिलेले विषयही सुटले.

परदेशी निघालेल्यांनी तर ही मोजणी अधिक काटेकोरपणे करावी. अमेरिकेतील काही विद्यापीठांत वर्षाचे चार भाग करतात व प्रत्येकात सुमारे दहाच आठवडे शिकवतात; तेथे पाचवा आठवडा म्हणजे निम्मा अभ्यासक्रम झालेला असतो. प्रवेश निश्चित होताच त्या विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक मागवून आई-वडिलांनीही ते मुलासोबत बसून वाचावे.