आधी मीटर लावा

वळीव सुरू झाला की लॅबमधली यंत्रं आणि त्यांची वीज यांवरच्या या सदराकडे येणारी पत्रं एकाच सुरात येतात: यंत्राच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडाला. या खेपेला चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, पण त्याला इलाज नव्हता.

प्रश्न: मॅडम, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. सेल काउंटरचा (रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राचा) बोर्ड गेल्या जूनमध्ये उडाला आणि या वर्षी वळवात पुन्हा उडाला. ५ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर आहे, त्यापुढे २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आहे. सर्व्हिस इंजिनिअर रिपोर्टवर 'पॉवर प्रॉब्लेम' लिहून मोकळा झाला. दुकानदार म्हणतो, १० केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. घेऊ का? मशीनला हात लावला की कधी कधी झिणझिण्याही येतात. (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर: नका घेऊ. तुम्ही जाता जाता लिहिलेलं शेवटचं वाक्य हीच खरी बातमी आहे.

पत्र मिळाल्यावर मी यांना उलट दोन गोष्टी विचारल्या होत्या. वायरमनकडून यंत्राच्या सॉकेटवर तीन रीडिंग घ्या, आणि दोन्ही वेळा नेमका कुठला बोर्ड गेला ते सांगा. रीडिंग आली ती अशी: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ १०७. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज करून बघा. बरोबर २२८!

अर्थिंग ठीक असेल तिथे फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे येतात आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसतात. इथे अर्थची तार फेज आणि न्यूट्रलच्या अधेमधे लोंबकळते आहे, म्हणजे ती जमिनीला कुठेच टेकलेली नाही. यंत्राच्या आत, पॉवर कॉर्ड शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. गोंगाट जमिनीत सोडायचा, हे त्यांचं काम. जमीनच नसेल तर तेच दोघे मिळून बॉडीला निम्म्या व्होल्टेजवर नेऊन बसवतात. तुमच्या झिणझिण्या तिथून येतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर निभावतं. उद्या आत फेजची तार बॉडीला टेकली तर निभावणार नाही. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवा, आणि मेन बोर्डात आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या.

पुढचा शोध यांनी स्वतःच लावला. वायरमन अर्थिंगच्या पट्टीचा माग काढत खाली गेला. मीटरबोर्डापासून निघालेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी भिंतीवरून उतरून पार्किंगपर्यंत येते आणि पेव्हर ब्लॉकखाली गडप होते. चार ब्लॉक उचलल्यावर दिसलं, की पट्टी अर्थिंगच्या खड्ड्याच्या दीड फूट आधीच कापलेली आहे. फरशीवाल्याला मध्ये येत होती, त्याने कापली. कोणाला सांगितलं नाही, कारण लाइट तर चालूच होती.

आता बोर्डाकडे. दोन्ही वेळा गेला तो कम्युनिकेशन बोर्ड, म्हणजे ज्यातून केबल कॉम्प्युटरला जाते तो. पॉवर सप्लाय दोन्ही वेळा शाबूत. चोर पुढच्या दाराने आला असता तर आधी पुढची कडी तुटली असती. तुमचा कॉम्प्युटर यूपीएसवर नाही, दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर आहे, आणि त्याला इंटरनेटची तांब्याची केबल समोरच्या खांबावरून येते. आसपास कुठे वीज पडली की त्या लांबलचक तारेत व्होल्टेज उठतं. तिथून कॉम्प्युटर, कॉम्प्युटरमधून डेटा केबल, डेटा केबलमधून सेल काउंटर. स्टॅबिलायझर १० केव्हीएचा घेतलात काय आणि ५० चा घेतलात काय, तो या वाटेवर उभाच नाही.

तो वाटेवर असता तरी काही करू शकला नसता. सर्व्होत एक मोटर ब्रश फिरवून व्होल्टेज हळूहळू वरखाली करते. रात्री १८० झालं, पहाटे २५० झालं, तर उत्तम काम. पण सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, मोजायचा असतो मायक्रोसेकंदांत. चाचणीसाठी जी ठरावीक लाट वापरतात ती ८ मायक्रोसेकंदांत चढते आणि २० मध्ये निम्म्यावर येते. मोटर जागची हलायच्या आत खेळ संपलेला असतो.

काय करायचं ते क्रमाने सांगते. आधी नवा खड्डा. तुमच्याकडे जांभा आहे. पावसात तो पाणी धरतो आणि मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो, आणि नेमके वळवाचे ढगही तेव्हाच येतात. म्हणून खड्ड्यात पुरलेल्या एका पाइपावर भागवू नका. अंतर ठेवून दोन खड्डे घ्या आणि पट्टीने एकत्र जोडा. कोळसा-मीठ चालतं, पण मीठ पाइपाला खातं आणि दर पावसाळ्यात थोडं वाहूनही जातं. खर्च परवडत असेल तर बेंटोनाइटसारखं (ओल धरणाऱ्या चिकणमातीचं) भरण वापरा. वर चेंबर बांधा, झाकण उचलता येईल असं, आणि उन्हाळ्यात पाणी ओतायचं काम कुणाच्या तरी नावावर लावून द्या. रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आला पाहिजे, २ च्या आत आला तर फारच छान. मोजमाप मेमध्ये करा. ऑगस्टमध्ये कुठलाही खड्डा पास होतो.

मग मेन बोर्डात टाइप २ चं एसपीडी, म्हणजे सर्ज अडवणारं उपकरण. त्याच्या आत झिंक ऑक्साइडची चकती असते, मोठ्या नाण्याएवढी. २३० व्होल्टला ती गप्प बसते, व्होल्टेज अचानक वर गेलं की वाट मोकळी करून देते आणि सर्ज अर्थकडे वळवते. दर तडाख्याला ती थोडी झिजते, म्हणून खिडकीतला हिरवा रंग लाल झाला का ते अधूनमधून बघायचं. एका गोष्टीवर मात्र वायरमनशी भांडायची तयारी ठेवा: एसपीडीच्या तारा आखूड, फेजपासून अर्थपर्यंत सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. आमची मंडळी बोर्ड सुबक दिसावा म्हणून तारा कोपऱ्याकोपऱ्याने वळवून, बांधून आणतात. एक मीटर तारेचं इंडक्टन्स (करंट झटकन बदलायला तारेचा होणारा विरोध) साधारण १ मायक्रोहेन्री. १०,००० अँपिअर ८ मायक्रोसेकंदांत चढले तर त्या सुबक एका मीटरवरच बाराशे व्होल्ट उभे राहतात, आणि ते चकतीच्या व्होल्टेजमध्ये मिळवून यंत्राला मिळतात.

सेल काउंटर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच यूपीएसवर, सॉकेटच्या एकाच पट्टीवर आणा. इंटरनेट फायबरने घ्या. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. फायबरचा डबा लॅबच्या आत हवा. खांबावर डबा आणि तिथून पुढे तांब्याची तार असेल तर पैसे फुकट.

वायरमन एक गोष्ट हमखास सुचवेल: 'मशीनला सेपरेट अर्थिंग करून देतो, एकदम क्लीन.' खड्डा वेगळा खणायला माझी हरकत नाही, पण तो इमारतीच्या अर्थला जोडलाच पाहिजे. हा सल्ला मी स्वतःच्या बिलावर शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूगल सुरू झालं की स्पेक्ट्रोफोटोमीटरचं (द्रावणातून जाणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग थरथरायचं. मी लॅबमागे सुटा रॉड ठोकून दिला. थरथर थांबली, चहा झाला, सत्कार व्हायचा तेवढा राहिला. महिन्याभरात आवारात वीज पडली. कॉम्प्युटर कारखान्याच्या अर्थवर, यंत्र माझ्या रॉडवर. १० ओहमच्या खड्ड्यात ५,००० अँपिअर उतरले तर तो खड्डा क्षणभर ५०,००० व्होल्टवर जातो. दोन अर्थमधला तो फरक दोन यंत्रांना जोडणाऱ्या केबलने सोसायचा होता. केबलचा प्लग मी नखाने उकलून काढला. प्लास्टिक वितळून पिनांवर बसलं होतं.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत पीएच मीटर ६.९ दाखवता दाखवता ७.४ वर उडी मारतो. नवा इलेक्ट्रोड आणला तरी तेच. यूपीएस लावावा का? (एक प्राध्यापिका, अकोला)

उत्तर: यूपीएसने काही होणार नाही. इथे गडबड पॉवर कॉर्डमधून येत नसावी, हवेतून येते आहे.

काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स १०० मेगाओहमच्या घरात असतो. इतक्या नाजूक तारेत शेजारून जाणारी कुठलीही वीज शिरकाव करते. एक पीएच म्हणजे २५ अंशांना ५९ मिलिव्होल्ट, तेव्हा तुमची अर्ध्या पीएचची उडी म्हणजे जेमतेम ३० मिलिव्होल्ट. मला दोन संशयित दिसतात. एक, मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे बीकरमधलं द्रावण चुंबकाने ढवळणारं यंत्र. दुसरा, डोक्यावरच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कापतो आणि प्रत्येक काप आसपासच्या तारांना ऐकू जातो. जुन्या लाकडी खोक्यातल्या रेग्युलेटरचा हा त्रास नव्हता.

उद्या असं करा. सगळं चालू असताना रीडिंग बघा. मग स्टरर नुसता बंद न करता त्याचा प्लगच काढा. मग पंखा बंद. मग बीकर उचलून प्लॅस्टिकच्या उलट्या टबवर ठेवा. ज्या क्षणी आकडा स्थिर होईल, तिथे चोर सापडला. स्टररचा तीन पिनांचा प्लग कोणी दोन पिनांचा तर केला नाही ना, तेही बघून घ्या. प्रॅक्टिकलच्या घाईत असले उद्योग होतात.

काहीच सापडलं नाही तर केबलचा कनेक्टर बघा. तो ओला किंवा खारट हाताने धरलेला असेल तर १०० मेगाओहमच्या सिग्नलला तिथेच गळती लागते. स्पिरिटने पुसा, कोरडा होऊ द्या. आणि केबलला जोड नको. एका शाळेत इलेक्ट्रोड खिडकीपर्यंत पोहोचावा म्हणून दारावरच्या बेलची वायर जोडून केबल लांबवलेली मी पाहिली आहे. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की पीएच बदलायचा.

प्रश्न: मुंबईच्या ट्राममुळे कुलाब्याची वेधशाळा अलिबागला न्यावी लागली, असं आम्ही लहानपणी ऐकायचो. यात तथ्य किती? (एक निवृत्त शिक्षक, पेण)

उत्तर: बरंचसं. हललं ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींचं काम. कुलाब्याला या नोंदी १८४०च्या दशकापासून चालू होत्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात दिवसभरात होणारा बदल मूळ क्षेत्राच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतो. इतकं बारीक मोजणाऱ्या सुईशेजारी विजेची ट्राम येणार म्हटल्यावर संकट उघड होतं. ट्रामचा डीसी करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. थोडा रूळ सोडून जमिनीतूनही भटकतो, आणि डीसीचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात असं मिसळतं की मागाहून निवडून काढता येत नाही.

तेव्हा कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी ट्राम यायची वाट पाहिली नाही. अलिबागला लोखंड टाळून इमारत उभी राहिली, १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी चालल्या. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. जुन्या आणि नव्या जागेचं रीडिंग दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून मग जुनी जागा सोडली, म्हणून मालिका तुटली नाही. १९०७च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुई खाडीपलीकडे शांत होती. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, अलिबागचं काम चालूच आहे. तुम्हाला पेणहून जवळ आहे, कधी गेलात तर बाहेरून का होईना, बघून या.

प्रश्न: मी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. ढग गडगडले की मी सगळे प्लग काढते. साहेब म्हणतात, बटण बंद केलं की पुरे, प्लग कशाला? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर: तुमचं बरोबर. बटणाच्या आत जी फट पडते ती जेमतेम काही मिलिमीटरची, आणि ज्या विजेने ढगापासून जमिनीपर्यंतची हवा ओलांडली तिला या फटीचं काय? शिवाय बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि वायरिंग उलटं असेल तर बटणाने न्यूट्रल तुटतो नि फेज यंत्रात तसाच.

दोन दुरुस्त्या मात्र करा. प्लगबरोबर कॉम्प्युटरची नेटवर्क केबलही काढा, कारण वर चिपळूणच्या पत्रात काय झालं ते वाचलंत. आणि हे सगळं ढग लांब असताना उरका. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावायचा नाही, तेव्हा यंत्र गेलं तरी चालेल. रसायनांचा फ्रीज राहू द्या. तो तासभर थंडी धरतो, पण काढलेला प्लग परत लावायला विसरलात तर सोमवारी सगळं ओतून द्यावं लागेल.

लाइट आली की लगेच यंत्रं लावू नका. त्या वेळी गावातल्या साऱ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवरचं व्होल्टेज नाचतं. दहा मिनिटं थांबा, सॉकेटवर मीटर लावा, २३०च्या आसपास आकडा ठरला की आधी स्पेक्ट्रोफोटोमीटर, मग कॉम्प्युटर.