डरहॅममधली हेटाय ही कृष्णवर्णीयांची वस्ती ओस का पडली?
ओस पडली नाही, पाडली गेली. १९६०च्या दशकात नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या या शहराने ती जमीनदोस्त केली आणि तिच्या पोटातून डरहॅम फ्रीवे हा महामार्ग नेला. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्यांनी ही वस्ती उभारली होती. नाव हैती देशावरून, उच्चार मात्र ‘हेटाय’. दुकानं, थिएटरं, १९०१ पासून स्वतःचं लिंकन हॉस्पिटल, सगळं होतं. घरं मोडकळीला आलीत हे पाडण्याचं कारण. बदल्यात कबूल केलेलं बरंचसं कधी उभंच राहिलं नाही. १८९१चं सेंट जोसेफ चर्च मात्र वाचलं. त्याच्या शिखरावर क्रॉस नाही, हैतीच्या वूडू परंपरेतलं चिन्ह आहे! आज तिथे हेटाय हेरिटेज सेंटर चालतं. फक्त एक गल्लत टाळा: डरहॅमची ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या आर्थिक व्यवसायांचा रस्ता, हेटायमध्ये नव्हता. तो पॅरिश स्ट्रीट, रेल्वेरुळांच्या पलीकडे, गोऱ्यांच्या बाजारपेठेत. गुलामगिरीत जन्मलेले न्हावी जॉन मेरिक आणि डॉक्टर एरन मूर यांनी आणखी काही जणांसह १८९८मध्ये काढलेल्या नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल विमा कंपनीचं ऑफिस तिथे होतं.