बेळगावच्या नोंदीचं पहिलं वाक्य सोपं आहे, तक्ता सांभाळा

ऐरोलीच्या तुमच्या गटाची अडचण वाचली. स्थळकोशात बेळगावची नोंद करायची आहे आणि पहिल्याच वाक्यावर गाडी अडली आहे. एक संपादक 'कर्नाटकातील' म्हणतात, दुसरे 'कर्नाटकव्याप्त' सोडायला तयार नाहीत. ठाण्यात आमच्या कोशाच्या बैठकांतही नेमका हाच वाद झाला होता, म्हणून सविस्तर लिहितो. नोंदीचा आराखडा, संदर्भ देण्याची पद्धत वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

प्रशासन कोणाचं आणि मागणी कोणाची, हे एकाच शब्दात कोंबू नका. सरळ वेगवेगळी वाक्यं करा: 'बेळगाव हे कर्नाटक राज्यातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्र त्यावर हक्क सांगतो आणि २००४ साली त्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.' 'व्याप्त' या शब्दात निकाल आधीच देऊन झालेला आहे. 'कर्नाटकाचे अविभाज्य अंग' यातही तोच प्रकार, फक्त उलट बाजूने. मराठी माणूस म्हणून माझं मत ठाम आहे, पण ते नोंदीत येता कामा नये.

शीर्षक 'बेळगाव' ठेवा, मराठी वाचक तेच शोधणार. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव 'बेळगावी' आहे हे पहिल्या परिच्छेदात सांगा आणि त्या नावाखाली 'बेळगाव पाहा' एवढी ओळ द्या.

क्रियापदं तपासा. महाराष्ट्राने 'निदर्शनास आणले' आणि कर्नाटकाने 'दावा केला' असं लिहिलं की झुकतं माप दिलंच. दोघांनाही 'म्हणणे' लावा. या सीमावादावर केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाबद्दलही पूर्ण लिहा: १९६६ साली नेमला, १९६७ साली अहवाल आला, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं अशी शिफारस होती, महाराष्ट्राने ती फेटाळली, कर्नाटक अहवाल मानतो. यातला शेवटचा किंवा त्याआधीचा तुकडा गाळलेल्या नोंदी भरपूर दिसतात.

आता खरा मुद्दा. आमची सगळी ताकद त्या पहिल्या वाक्यावर खर्च झाली आणि नोंदीच्या बाजूला असणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याकडे कोणी बघितलंच नाही. क्षेत्रफळ एका ठिकाणहून, लोकसंख्या दुसऱ्या ठिकाणहून, भागाकार आपला आपण. वादातल्या प्रदेशात हे सर्वांत महागात पडतं, कारण दोन आकडे दोन वेगळ्या हद्दींचे असतात. पूर्वीच्या जम्मू-काश्मीर राज्याचं उदाहरण घ्या. क्षेत्रफळ २,२२,२३६ चौ. किमी आणि २०११ ची लोकसंख्या १,२५,४१,३०२ यांचा भागाकार केला तर घनता येते चौ. किमीला ५६ माणसं. जनगणनेत छापलेली घनता आहे १२४. कारण त्या क्षेत्रफळात पाकिस्तानच्या ताब्यातले ७८,११४, पाकिस्तानने चीनला दिलेले ५,१८० आणि चीनच्या ताब्यातले ३७,५५५ चौ. किमी धरलेले आहेत आणि तिथे आपली जनगणना होतच नाही. ते वजा केले की १,०१,३८७ उरतात आणि हिशेब जुळतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे 'हद्द कोणती' असा रकाना ठेवा. छापू नका हवं तर, पण तुमच्या कामाच्या प्रतीत तो असलाच पाहिजे.

बेळगावलाही हा सापळा आहे. १९५६ साली जिल्हा म्हैसूरकडे गेला तो चंदगड तालुका वगळून. तो आज कोल्हापुरात आहे. १९५१ आणि १९६१ ची जिल्ह्याची लोकसंख्या शेजारी मांडून वाढ काढलीत की ती चुकलीच. भाषावार टक्केवारीत तर ही चूक थेट राजकीय ठरते.

मागणीतल्या गावांची संख्या ८१४ आणि ८६५ अशी दोन्ही छापून येते. आम्ही एका कार्यालयाकडे गावांची यादी लेखी मागितली. या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं, तोंडी आकडा सांगितला, कागद कधीच मिळाला नाही. ज्या कार्यालयाने हा प्रश्न जिवापाड जपायला हवा, तिथली ही अनास्था फार लागते. तेव्हा आकडा देताना 'अमुक वर्षीच्या अमुक ठरावानुसार' हे जोडाच, आणि गावांची यादी हातात नसेल तर नकाशावर मागणीचा पट्टा रंगवू नका.

नकाशाबद्दल: मी वकील नाही, छापण्याआधी जाणकाराला दाखवा. पण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे अक्साई चीन नकाशात भारतात दिसेल आणि मजकुरात 'चीनच्या ताब्यात, भारताचा हक्क' असं येईल. वाचक गोंधळू नये म्हणून नकाशाखालीच लिहा: 'सीमा सर्वेक्षण विभागानुसार, प्रत्यक्ष ताब्यासाठी मजकूर पाहा.'

जाता जाता: जुन्या हद्दींसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथाचा) १८८४ चा बेळगाव खंड चांगला आहे, मिळतो का ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. हद्दी आणि तालुके त्यातून घ्या, जातीजमातींची वर्णनं नकोत. सूचीही तपासा, आमच्याकडे नोंदीत 'कर्नाटक' आणि सूचीत बेळगाव 'महाराष्ट्र' या गटाखाली गेलं होतं. आणि 'खटला प्रलंबित' असं नुसतं लिहू नका. कोणत्या तारखेपर्यंतची माहिती आहे ते त्याच वाक्यात टाका.